बर्फासाठी घडलेला स्टोव्ह आणि खान्देशचं ऊन

खान्देशात शेतातल्या जेवणाचा जाळ ठरलेला आहे. हिवाळ्यात भरताची वांगी आली की बांधावर पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या रचायच्या, पेटवायच्या आणि वांगी त्यात लोटायची. हा जाळ झपकन उठतो आणि तितक्याच लवकर बसतो. साल करपते, आतला गर मऊ होतो आणि धुराचा वास वांग्यात उतरतो. खिचडी-चहाला तीन दगड मांडले की भागतं. सरपण आयतं, पैसा शून्य.

अडचण येते ती शेत सोडून निघाल्यावर. चैत्रात वणीच्या सप्तशृंगीला निघालेली पदयात्रा, दिवाळीतली अस्तंब्याची चढण, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला मुक्काम, अशा ठिकाणी काड्या गोळा करत बसायला वेळही नसतो आणि जागाही नसते. पाटणादेवीचा परिसर किंवा यावल-पालचं जंगल हा तर अभयारण्याचा भाग. तिथे जंगलाला धोका होईल असा जाळ पेटवणं कायद्याने गुन्हा आहे. सोबत नेता येईल असा जाळ हवा, ही गरज इथली जुनीच. ती भागवणारी वस्तू मात्र फार लांबून आली.

१८९२ मध्ये स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने काजळी न धरणारा घासलेटचा स्टोव्ह बनवला. तोच प्रायमस. त्याआधीच्या वातीच्या स्टोव्हमध्ये तेल वातीवरच जळायचं, म्हणून पिवळी ज्योत आणि भांड्याला काजळ. लिंडक्विस्टने वात काढून टाकली. पितळी टाकीत पंपाने हवा भरायची, हवेच्या दाबाने घासलेट नळीतून वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, ती निपलच्या बारीक भोकातून जोरात बाहेर पडते, वाटेत हवा ओढून घेते आणि निळी जळते. एकदा बर्नर तापला की ज्योतच पुढच्या तेलाची वाफ करत राहते. सगळी हुशारी या एका फेऱ्यात आहे.

नॉर्वेच्या नान्सेनने उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत हाच स्टोव्ह नेला आणि १९११ मध्ये दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या अमुंडसेनच्या सामानातही तो होता. तिथे प्यायला पाणी हवं तर आधी बर्फ वितळवावा लागतो, त्यामुळे स्टोव्ह बंद पडणं म्हणजे तहानेने मरणं. पुढच्या अनेक प्रवासी स्टोव्हच्या रचनेवर या थंडीची छाप आहे. निवड करताना हे आठवणीत असलेलं बरं.

आपल्याकडे हा स्टोव्ह स्वयंपाकघरातच स्थिरावला. त्याची पथ्यं आधीच्या पिढीला तोंडपाठ होती. आधी वाटीत स्पिरिट जाळून किंवा काकडा लावून बर्नर तापवायचा, हवेचा स्क्रू आवळायचा, मग पंप. घाई केली तर बर्नर थंड असतो, तेलाची वाफ होत नाही, कच्चं घासलेट वर उसळतं आणि पिवळा भडका उठतो. ज्योत एका बाजूला झुकली की निपलमध्ये कचरा, पिन घालायची. पंप सैल लागला की चामडी वायसर सुकलेला. खोबरेल तेलाचे दोन थेंब. सर्वांत धोकादायक चूक म्हणजे पेटता स्टोव्ह मंदावला म्हणून हवा न सोडता झाकण उघडून तेल ओतणं. ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द वर्तमानपत्रांत इतक्यांदा आले, की त्यांतले किती खरे अपघात आणि किती सासरचे गुन्हे, हा प्रश्न त्या यंत्रालाच चिकटून बसला. पुढे घरोघर गॅस आला, रेशनवरचं निळं घासलेट आटत गेलं आणि पंपाचा स्टोव्ह माळ्यावर गेला. आज सहलीसाठी तो सुचवणं म्हणजे आधी तेल शोधायला लावणं.

युरोपात मात्र गॅस पाठीवर चढला. १९४९ मध्ये फ्रान्समध्ये कॅम्पिंग गाझ ही कंपनी सुरू झाली आणि लहान डब्यातला ब्युटेन सहलीला निघाला. १९६९ मध्ये जपानच्या इवातानी कंपनीने स्प्रेच्या डब्यासारखा लांब कॅन आडवा बसणारा चपटा स्टोव्ह काढला. तो जेवणाच्या मेजासाठी होता, डोंगरासाठी नव्हे. १९७३ मध्ये अमेरिकेत एमएसआर या कंपनीने इंधनाची बाटली बर्नरपासून दूर नेली आणि २००४ मध्ये बर्नर व भांडं एकत्र जोडलेला जेटबॉइल बाजारात आला. आज दुकानात दिसणारे सगळे प्रकार यांचेच वंशज. बुटक्या कॅनच्या डोक्यावर आट्यांनी बसणारा मुठीएवढा बर्नर, लांब कॅनचा चपटा स्टोव्ह, नळीचा बुटका स्टोव्ह आणि उंच मगाचा जोडस्टोव्ह.

आता खान्देशचा हिशेब. कॅनमधला द्रव ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला. थंडीत ब्युटेनची वाफ होत नाही म्हणून महागड्या कॅनमध्ये आयसोब्युटेन आणि प्रोपेन मिसळतात. जळगाव-धुळ्यात त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही, साधा ब्युटेन पुरतो. सातपुड्यात उंचावरच्या तोरणमाळला डिसेंबरातल्या पहाटे ज्योत मरगळते ती दोन कारणांनी. हवा गार असते आणि वाफ होताना गॅस स्वतःचीच उष्णता खर्च करतो, त्यामुळे कॅन आणखी थंड होतो. त्यावर उपाय म्हणजे कॅन ताटलीतल्या साध्या, हाताला गार न लागणाऱ्या पाण्यात उभा करणं. गरम पाणी नको.

इथला खरा शत्रू उलट्या बाजूचा आहे. ब्युटेनच्या कॅनमधला दाब २० अंशांना सुमारे दोन वातावरणांइतका असतो, ५० अंशांना पाचांच्या आसपास, आणि प्रोपेन मिसळलेला असेल तर बराच जास्त. कॅनवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते. भुसावळात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ ओलांडतो, मग काचा बंद केलेल्या गाडीत काय होत असेल! कॅन डिकीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यायचा. डॅशबोर्डवर, टपावर किंवा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवायचा नाही. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून घेण्याची सवय याच कारणाने जीवघेणी आहे. द्रव गॅस तापला की खूप फुगतो, म्हणून कारखान्यात वर मोकळी जागा सोडतात. अंदाजाने काठोकाठ भरलेल्या टाकीत ती जागाच उरत नाही.

दुसरा शत्रू वारा. उघड्या रानात तो निम्म्याहून जास्त उष्णता पळवतो. पण वाऱ्याला आडोसा म्हणून डोक्यावर बर्नर असलेल्या कॅनभोवती पत्रा गुंडाळला, तर कॅनच भट्टीत सापडतो. तिन्ही बाजूंनी आडोसा चालतो तो नळीच्या स्टोव्हला, कारण त्याचा कॅन हातभर लांब असतो. कॅनवरच्या बर्नरला फक्त वाऱ्याच्या बाजूने दगड किंवा सॅक लावायची आणि मधूनमधून कॅनला हात लावून बघायचं. हाताला चटका बसला की बंद. रुंद पातेलं किंवा तवाही हाच घोटाळा करतो, कारण उष्णता खाली परतवतो. चारपाच जणांच्या खिचडीला म्हणूनच चपटा किंवा नळीचा स्टोव्ह घ्यावा. मुठीएवढ्या बर्नरवर भरलेलं पातेलं कलंडतंही. चपट्या स्टोव्हमध्ये कॅनच्या कडेवरची खाच वरच्या बाजूला यायला हवी. ती खाली आली तर आतली नळी द्रवात बुडते आणि बर्नरमधून ज्वाळा उसळतात.

उंच मगाचा जोडस्टोव्ह दिसायला देखणा, पण तो नुसतं पाणी उकळण्यासाठी जन्मला. आपला दुधाचा चहा त्यात तळाला लागतो आणि उतू गेला की ज्योत विझून गॅस सुटत राहतो. त्यात चहा करायचाच तर चार कपांना ४५० मिली पाणी, आलं, साखर आणि चहापूड उकळून स्टोव्ह बंद करावा, नंतर कोमट पाण्यात कालवलेली दूधपावडर घालावी. भरताचा मोह तर कुठल्याच सहली स्टोव्हवर करू नये. वांग्याचं पाणी बर्नरच्या छिद्रांत गळतं, सुकतं आणि ज्योत पिवळी पडते. धुराचा वास येत नाही तो नाहीच.

गॅस किती लागेल? २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळायला ३१५ किलोज्यूल लागतात. निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं तर साधारण १४ ग्रॅम गॅस. म्हणजे २३० ग्रॅमच्या कॅनवर सोळाएक लिटर पाणी उकळतं, वाऱ्यात त्याच्या निम्मंच. तोरणमाळच्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून तुरीची डाळ शिजता शिजत नाही. मुगाची न्यावी, तीही भिजवून.

जोडताना कॅन बर्नरला हातानेच आवळायचा, पान्याने नाही. पान्याने रबरी रिंग चिरडते. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं आणि खटक्याचं लायटर कितीही चांगलं असलं तरी काडेपेटी सोबत ठेवायची. तंबूच्या आत पेटवायचा नाही, कारण जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेवटची अट प्रवासाची. गॅसचा कॅन, स्पिरिट, घासलेट यांपैकी काहीही रेल्वेच्या डब्यात नेता येत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुंबई-पुण्याहून भुसावळला उतरणाऱ्याने बर्नर तेवढा सोबत आणावा. आपल्या बर्नरला बसेल असाच कॅन, आट्यांचा की खाचेचा, उतरण्याच्या गावात कोणाला तरी आधी घेऊन ठेवायला सांगावं.