दोन क्लॅरिनेट, एक पियानो आणि वाफेवरचे गोड गोळे

रिसायटलसाठी दोन क्लॅरिनेट आणि पियानोचं काहीतरी शोधायला बसलं की फिरून फिरून जर्मन संगीतकार मेंडेल्सोनच्या त्याच दोन पीसेसवर गाडी येते, ओपस (म्हणजे रचनेचा क्रमांक) ११३ आणि ११४. एकतर या जोडीसाठी मुळात लिहिलेलं म्युझिकच कमी, आणि जे आहे ते बहुतेक कुणा ना कुणा ठरावीक वादकांसाठी लिहिलेलं.

इथे ते वादक म्हणजे म्युनिकच्या दरबारी ऑर्केस्ट्रातला हाइनरिश बेअरमान आणि त्याचा मुलगा कार्ल. संगीतकार वेबरने १८११ मध्ये आपले दोन्ही क्लॅरिनेट कॉन्चेर्तो (पुढे एक वाद्य, साथीला ऑर्केस्ट्रा) ज्याच्यासाठी लिहिले तोच हा हाइनरिश. १८३२ च्या शेवटी बापलेक बर्लिनला आलेले, मेंडेल्सोन तेव्हा जेमतेम २३ वर्षांचा आणि त्याला यांच्या हातचे डाम्पफनूडेल म्हणजे वाफेवर शिजवलेले गोड गोळे भयंकर आवडायचे, मग सौदा असा ठरला की यांनी स्वयंपाकघरात घुसायचं आणि त्याने तोवर ड्युएट लिहायचा. पहिला पीस ३० डिसेंबरला पुरा झाला, दुसरा १९ जानेवारी १८३३ ला. पहिल्याला त्याने नाव दिलं 'प्रागची लढाई', त्या काळी घरोघरी पियानोवर बडवल्या जाणाऱ्या एका पीसची टिंगल म्हणून, आणि खाली लिहिलं की हा डाम्पफनूडेल आणि क्रीमच्या श्ट्रूडेलसाठीचा (हीसुद्धा एक गोड गुंडाळी) ग्रँड ड्युएट आहे :) आपण मात्र स्टेजवर गंभीर तोंड करून वाजवतो. आणि ते मोठे ओपस नंबर बघून म्हातारपणचं काम समजू नका हं, ते त्याच्या मृत्यूनंतर पडलेत.

मेख वेगळीच आहे. दुसरा पार्ट मुळात क्लॅरिनेटचा नाहीच, बॅसेट हॉर्नचा आहे, म्हणजे क्लॅरिनेटच्या मोठ्या भावाचा, जो कार्ल वाजवायचा आणि जो साध्या क्लॅरिनेटपेक्षा बराच खाली जातो. बॅसेट हॉर्न सहजासहजी मिळत नाही म्हणून सेकंड क्लॅरिनेटचा पार्ट वापरतात, त्यात खालचे सूर वर उचललेले असतात आणि दोन आवाजांतलं अंतर कमी होतं. त्यामुळे बॅसेट हॉर्न मिळत असेल तर विचार न करता ११३ घ्या. ऑर्केस्ट्रा असेल तर त्याचीही सोय आहे, ११३ चं ऑर्केस्ट्रेशन खुद्द मेंडेल्सोननेच केलंय.

दोन्ही क्लॅरिनेटच असतील तर माझं मत पोंकिएल्लीच्या 'इल कोन्वेन्यो'ला. 'ला जोकोंदा' ऑपेरावाला पोंकिएल्ली आधी पिआचेन्झा आणि क्रेमोनाला बँडमास्टर होता (आपल्याकडेही क्लॅरिनेट म्हटलं की आधी वरातीतला बँडच डोळ्यापुढे येतो ना), फुंकणाऱ्यांना कुठे भाव खायचा असतो ते त्याला पक्कं माहीत, दोघंही ऑपेरातल्या गायकांसारखे एकमेकांवर कुरघोडी करत राहतात.

क्रोमर नावाच्या संगीतकाराचा ओपस ३५ चा डबल कॉन्चेर्तोही (दोन क्लॅरिनेट आणि ऑर्केस्ट्रासाठीचा) पियानोबरोबर वाजवतात, झकास आहे, पण पियानोवाल्याला अख्ख्या ऑर्केस्ट्राची हमाली करावी लागते, तेव्हा आधी त्याला विचारा.