‘ए’समोर ‘टी’च का?

‘तुमचा सुप्त बारा पदरी डीएनए जागृत करा’ अशी एका शिबिराची जाहिरात मध्यंतरी दादर स्टेशनबाहेर पाहिली. शुल्क दणदणीत होतं. आपल्या पेशींतला डीएनए दोन पदरी असतो. वरचे दहा आयोजकांच्या पदरचे.

एकमेकांभोवती पिळलेल्या या दोन पदरांवर ‘ए’, ‘टी’, ‘जी’, ‘सी’ असे चार प्रकारचे बेस, म्हणजे रासायनिक घटक, समोरासमोर जोडीने बसतात. ‘ए’समोर ‘टी’, ‘जी’समोर ‘सी’, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. का, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

‘ए’ आणि ‘जी’ हे दोन कड्यांचे थोराड बेस, ‘टी’ आणि ‘सी’ एका कड्याचे. दोन थोराड समोरासमोर मावत नाहीत, दोन लहान एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. एक मोठा, एक लहान असला की पिळाची रुंदी सगळीकडे सारखी राहते, सुमारे 2 नॅनोमीटर. पण मग ‘ए’समोर ‘सी’ का नको? तोही लहानच की!

खरी गंमत इथे आहे. बेसच्या कडेला काही जागी पुढे करायला हायड्रोजन असतो, तर काही जागी त्याला ओढणारा ऑक्सिजन किंवा नायट्रोजन. ‘ए’ची कड वाचा: देणारा, घेणारा. ‘टी’ची: घेणारा, देणारा. जुळलं, दोन हायड्रोजन बंध झाले. ‘सी’ची कड आहे देणारा, घेणारा, घेणारा. ती ‘ए’समोर ठेवली की देणाऱ्यापुढे देणाराच येतो. ‘जी’ची कड घेणारा, देणारा, देणारा; म्हणून ‘सी’शी तिचे तीन बंध जमतात.

म्हणजे सगळी भिस्त हायड्रोजन कुठे बसलाय यावर. 1953च्या फेब्रुवारीत केंब्रिजमध्ये डीएनएची रचना शोधताना जेम्स वॉटसन इथेच अडकला होता. तेव्हाच्या पुस्तकांत ‘जी’ आणि ‘टी’चा एक हायड्रोजन ऑक्सिजनवर दाखवलेला असे. त्याच्याच खोलीत बसणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यूने, तो नायट्रोजनवर हवा, असं सुनावलं. वॉटसनने पुठ्ठ्याचे आकार नव्याने कापले आणि जोड्या जमल्या. ‘ए’ आणि ‘टी’चं प्रमाण सारखं असतं, हे जीवरसायनशास्त्रज्ञ एर्विन शारगाफचं निरीक्षणही त्यात चपखल बसलं. पिळाची मापं मात्र मुख्यतः रोझलिंड फ्रँकलिनच्या क्ष-किरण कामातून आली होती. या शोधाला मिळालेल्या 1962च्या नोबेलआधीच, 1958मध्ये ती गेली.

पेशीतही क्वचित हा हायड्रोजन जागा बदलतो. नेमकी तेव्हाच डीएनएची नक्कल चालू असेल, तर ‘ए’समोर ‘सी’ बसू शकतो. दुरुस्ती यंत्रणेच्या नजरेतून तो सुटला, की झालं उत्परिवर्तन.

हायड्रोजन बंध एकेकटे दुबळेच. सुमारे 95 अंश सेल्सिअसला दोन पदर सुटे होतात. कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी रक्ताच्या पुसट डागावरून माणूस ओळखताना हाच दुबळेपणा कामी येतो: तापवायचं, सुट्या पदरांवर नव्या जोड्या बांधून घ्यायच्या, पुन्हा तापवायचं. तीसेक फेऱ्यांत एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती तयार होतात.