डिजिटल वर्ग (महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळा)

प्रोजेक्टर, टीव्ही, संगणक किंवा टॅब यांची जोड घेऊन चालणारा वर्ग. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ही पद्धत मुख्यतः २०१० नंतरच्या दशकात पसरली. जिथे ती नीट रुजली तिथे फळा, पाटी, पाढे आणि परिपाठ हेही आपापल्या जागी राहिले. शिक्षकाने पडदा कधी लावायचा आणि कधी बंद करायचा, यावर या पद्धतीचे यश ठरते.

ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची शाळा हे यातले सुरुवातीचे गाजलेले उदाहरण. शिक्षक संदीप गुंड यांनी तिथल्या आदिवासी वस्तीतल्या मुलांसाठी डिजिटल वर्ग उभा केला आणि तो पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर या कामाला वेग आला. पैसा बहुतेक ठिकाणी लोकवर्गणीतून उभा राहिला. ग्रामपंचायतीने टीव्ही दिला, माजी विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर दिला आणि उरलेली रक्कम कित्येकदा गुरुजींनी स्वतःच्या पगारातून घातली.

त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या गटातल्या) शाळा ज्ञानरचनावादासाठी, म्हणजे मुलाने स्वतः हाताळून, करून ज्ञान घडवण्याच्या पद्धतीसाठी गाजत होत्या. तिथे फरशीवर रेखाटने होती आणि मुलांच्या हातात मणी, काड्या, अक्षरकार्डे होती. या दोन वाटा एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे काही काळ बोलले गेले. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणांहून शिकून परतलेल्या शिक्षकांनी एकाच वर्गात काड्यांचे गठ्ठेही ठेवले आणि भिंतीवर टीव्हीही लावला.

छापील पुस्तक आणि पडदा यांची सांगड सर्वांत चांगली जमली ती क्यूआर कोडमुळे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना मोबाइलने स्कॅन केल्यावर धड्याची चित्रफीत किंवा ध्वनिफीत उघडणारे असे कोड जोडले. २०१७ मध्ये राज्याने ही कल्पना सर्व इयत्तांच्या पुस्तकांसाठी स्वीकारली, आणि २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या ‘बालभारती’च्या पुस्तकांत हे चौकोन छापून येऊ लागले. शिक्षकांसाठीचे केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठही ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोडचे मोल असे की पुस्तक मुलाच्या हातातच राहते. मोबाइल एकट्या गुरुजींकडे असला तरी चालते, आणि रेंज गेली तरी धडा अडत नाही.

कोणता घटक पडद्यावर घ्यायचा आणि कोणता फळ्यावर, हे अनुभवी शिक्षक बरोबर ओळखतात. ज्वालामुखी, समुद्राची भरती-ओहोटी, चंद्रग्रहण हे मराठवाड्यातल्या मुलाने पडद्यावर पाहावे. ग्रहणाची चित्रफीत मध्येच थांबवून ‘आता सावली कुणाची कुणावर पडली?’ असे विचारले आणि पाटीवर तीन गोल काढायला लावले, की पाहिलेले पक्के होते. नाहीतर मुले टक लावून बघतात आणि घंटा झाल्यावर विसरतात. हातच्याची वजाबाकी मात्र फळ्यावरच शिकवावी. ५२ मधून २७ वजा करताना दशकाचा एक गठ्ठा सोडून दहा सुट्ट्या काड्या करायच्या, त्या दोनांत मिळवायच्या, मगच सात काढायच्या. हे मुलाच्या बोटांनी करायचे काम आहे. पडद्यावरचा गठ्ठा आपोआप सुटतो आणि मूल नेमक्या त्या पायरीला मुकते. पानांच्या शिरा शिकवायच्या तर शाळेच्या आवारातले पिंपळाचे आणि गवताचे पान आणून मुलांच्या हातात द्यावे. त्यासाठी प्रोजेक्टर लावणे हा वेळेचा अपव्यय आहे.

द्विशिक्षकी शाळेत पडद्याचा आणखी एक उपयोग होतो. दोन इयत्ता एकाच खोलीत बसलेल्या असतात. तिसरीला कवितेची चाल ऐकायला लावून गुरुजी चौथीचा भागाकार घेतात. ही सोय खरी आहे, पण तिचा मोहही तितकाच मोठा आहे. अहवाल आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या ओझ्याखाली दबलेला शिक्षक तासच्या तास टीव्हीवर सोपवतो, तेव्हा नुकसान मुलांचे होते. या ओझ्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

२०२० च्या टाळेबंदीत पडदा एकटाच उरला. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका दाखवली गेली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास जाऊ लागला. घरी स्मार्टफोन नसलेल्या मुलांसाठी कित्येक शिक्षक पाड्यावर, देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली अंतर ठेवून वर्ग घेत राहिले. शाळा उघडल्यावर अनेक मुलांचे वाचन आणि अंकज्ञान मागे पडल्याचे दिसले. मग पुन्हा जोडाक्षरांपासून सुरुवात करावी लागली आणि त्या कामाला खडू-फळाच उपयोगी पडला.

उपकरणे मिळतात, पण ती चालू ठेवणे अवघड जाते. शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणारे सादिल अनुदान अपुरे पडते, वीजबिल थकते आणि जोडणी तोडली जाते. काही शाळांनी सौर पॅनल बसवून यावर मार्ग काढला. प्रोजेक्टरचा दिवा गेला की नवा आणायला पैसे कुठून काढायचे, हा प्रश्न राहतोच. त्याहून मोठी अडचण बदल्यांची. हौसेने वर्ग उभारणाऱ्या शिक्षकाची बदली झाली की पुष्कळदा संच कपाटात जातो. तो सांभाळायला सहकारी शिक्षक, शाळा व्यवस्थापन समिती आणि वरच्या वर्गातली मुले आधीपासून शिकलेली असली, तर नव्या शिक्षकाच्या हाती चालू वर्ग येतो.