अन्य निर्देशित आहारविकार

अ‍ॅनोरेक्सिया (वजनाच्या धास्तीने उपाशी राहणे), बुलिमिया (अधाशीपणे खाऊन ते उलट्या-जुलाबाने वगैरे बाहेर काढणे) किंवा बिंज ईटिंग (नुसते अधाशीपणे खाणे) यांपैकी एकाही निदानात नीट न बसणारे, तरीही तब्येत आणि रोजचे जगणे बिघडवणारे खाण्याचे विकार. अमेरिकेतील डीएसएम या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत हा गट आला. १९९४ च्या आवृत्तीतील ‘अन्यत्र न नोंदलेले’ हे निदान इतक्या जणांना लागू होई की मूळ निकषच तोकडे ठरले. म्हणून २०१३ मध्ये बिंज ईटिंगला स्वतंत्र स्थान मिळाले, अ‍ॅनोरेक्सियाची पाळी थांबण्याची अट गेली आणि बुलिमियासाठी असे खाणे आणि बाहेर काढणे आठवड्यातून दोनदाऐवजी सरासरी एकदा घडले तरी पुरेसे धरले गेले.

अधाशीपणे न खाताही उलट्या काढणे किंवा जुलाबाची औषधे घेणे आणि अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये वर्णिलेला रात्री खाण्याचा विकार याच गटात येतात. सर्वांत फसवा प्रकार अटिपिकल अ‍ॅनोरेक्सियाचा. उपासमार, वजनाची धास्ती, झपाट्याने घट, सगळे अ‍ॅनोरेक्सियासारखेच. फक्त काट्यावरचा आकडा ‘नॉर्मल’ किंवा त्याहून जास्त. नाडी मंदावते, चक्कर येते, क्षार बिघडतात.

कोल्हापुरात पाहुण्याच्या वाटीत पांढरा रस्सा पुन्हा पडतो आणि हडकुळ्या मुलीची चौकशी दारातच होते. जाड मुलगी मात्र चार महिन्यांत निम्मी झाली, तर ‘लई बारीक झालीस की गं, काय करतीस?’ असे कौतुकच होते. तिला ‘आज उपवास हाय’ एवढे सांगितले की पुरते. (उपवास हा विकार नव्हे, तो आडोसा मात्र होऊ शकतो.) वजनगटाच्या कुस्तीआधी पाणी बंद करून, जाड कपड्यांत घाम काढणाऱ्या पैलवानाकडेही कुणी या नजरेने पाहत नाही. स्पर्धा संपल्यावरही जेवणाची भीती राहिली, तर तालमीतल्या वस्तादाने ते मनावर घ्यावे.

ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेली वर्तनोपचार पद्धत निदानाच्या नावावर अडत नाही. अल्पवयीनांसाठी कुटुंबाला सोबत घेऊन उपचार होतात. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक १४४१६. फार दिवस उपाशी राहिलेल्याला घरच्यांनी मायेपोटी एकदम मटण-भाकरीवर बसवू नये: रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरून हृदयाला धोका होतो, त्यामुळे आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत वाढवतात.