सड्यावरच्या धावपट्ट्या आणि जुने रडार : हवाई नियंत्रणाच्या बाजाराची पार्श्वभूमी

चिपीच्या सड्यावरचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरचा, सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, गोव्यातल्या मोपाहून प्रवासी विमाने जानेवारी 2023 पासून उडू लागली आणि पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर 2025 पासून. कोकण किनाऱ्यावर इतक्या थोड्या काळात तीन नागरी विमानतळ झाल्यामुळे जमिनीचे भाव, हॉटेले आणि आंब्याची वाहतूक यांची चर्चा गावोगाव होते. विमानांना परस्परांपासून सुरक्षित अंतरावर ठेवणारी हवाई वाहतूक नियंत्रणाची यंत्रणा, म्हणजे एटीसी, आणि तिच्या नूतनीकरणातून उभा राहणारा व्यवसाय मात्र या चर्चेत क्वचितच येतो.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा आकाशात गर्दी नव्हती. पुढे विमाने वाढली आणि नियंत्रक कागदाच्या पट्ट्यांवर वेळ व उंची लिहून, वैमानिकाने रेडिओवरून सांगितलेल्या स्थानावर विसंबून त्यांच्यात अंतर राखू लागले. रडार आल्यावर विमान पडद्यावर दिसू लागले. परंतु प्राथमिक रडार फक्त परतलेल्या लहरींवरून ठिपका दाखवते, त्या ठिपक्याची उंची किती हे सांगत नाही.

या उणिवेचे गांभीर्य 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात कळले. दिल्लीहून निघालेले सौदी विमान आणि दिल्लीकडे येणारे कझाक विमान एकमेकांवर आदळून 349 माणसे गेली. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले होते आणि विमानातल्या यंत्राला विचारून त्याची उंची दाखवणारे दुय्यम रडार दिल्लीच्या नियंत्रकापुढे कार्यरत नव्हते. दिल्ली आणि मुंबईच्या आधुनिकीकरणाचे काम अमेरिकेच्या रेथिऑन कंपनीकडे तोवर सोपवले गेले होते, ही गोष्ट आजही मनाला लागते. अपघातानंतर येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि विमानात टक्करप्रतिबंधक यंत्र सक्तीचे झाले. अमेरिकेतही 1956 मध्ये ग्रँड कॅन्यनवर दोन विमानांची टक्कर होऊन 128 जण मृत्युमुखी पडले, त्यानंतरच 1958 मध्ये तिथल्या नियामक संस्थेचा कायदा झाला. या क्षेत्रात मोठा निधी बहुधा दुर्घटनेनंतरच मोकळा होतो.

निधी मोकळा झाला तरी काम होतेच असे नाही. अमेरिकेने 1988 मध्ये आयबीएमला दिलेल्या महाकाय संगणकीकरण प्रकल्पाचा मोठा भाग 1994 मध्ये गुंडाळावा लागला, आणि 2025 मध्येही तिथल्या काही केंद्रांत फ्लॉपी डिस्क वापरात असल्याचे अधिकारी सांगत होते. नवे तंत्रज्ञान मिळत नाही, हे याचे कारण नव्हे. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण वाहतूक चालू ठेवून करणे किती कठीण असते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तरी रस्त्यावरची गाडी बाजूला थांबवता येते, आकाशातले विमान येत नाही. म्हणून जुनी आणि नवी यंत्रणा दीर्घकाळ शेजारी शेजारी चालवून, पुरती खात्री झाल्यावरच जुनी बंद करावी लागते. माझ्या मते या व्यवसायातला खरा खर्च आणि खरे कौशल्य या मधल्या काळात आहे.

आपल्या किनाऱ्याला दुसरी अडचण समुद्राची. रडारची लहर दीपस्तंभाच्या प्रकाशासारखी सरळ जाते आणि पृथ्वी गोल असल्यामुळे काही शे किलोमीटरनंतर विमान तिच्या टप्प्याबाहेर जाते. आखाताकडून अरबी समुद्रावरून येणाऱ्या विमानांशी वर्षानुवर्षे खरखरणाऱ्या लघुलहरी रेडिओवरूनच बोलावे लागे. पुढे उपग्रहामार्फत स्थान आणि लेखी संदेश येऊ लागले. एडीएस-बी पद्धतीत तर विमान स्वतःच आपले स्थान प्रसारित करते, आणि ते ऐकणारे जमिनीवरचे केंद्र फिरत्या रडारपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ‘गगन’ या उपग्रहाधारित दिशादर्शन प्रणालीच्या आधारे 28 एप्रिल 2022 रोजी राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचे एटीआर विमान उतरवले गेले. अशा उतरण्यासाठी धावपट्टीजवळ महागडी दिशादर्शक उपकरणे उभारावी लागत नाहीत. पावसाळ्यात ढग सड्याला टेकतात त्या भागासाठी ही बाब फार मोलाची आहे.

या साऱ्याचा खर्च भागतो तो विमान कंपन्यांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून. देशात न उतरता नुसते वरून जाणारे विमानही ते भरते. कॅनडाने 1996 मध्ये ही सेवा दीड अब्ज कॅनेडियन डॉलरला एका ना-नफा संस्थेकडे दिली. भारतात 1995 मध्ये स्थापन झालेले प्राधिकरण स्वतःच सेवा चालवते आणि मुख्य खरेदीदारही तेच आहे. 2021 मध्ये त्याने भारत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर स्वदेशी नियंत्रण प्रणालीसाठी करार केला. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीतली संदेशवहन यंत्रणा बिघडून शेकडो उड्डाणे रखडल्यावर हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने नूतनीकरणासाठी साडेबारा अब्ज डॉलर मंजूर केले होते.

मोठी कंत्राटे जगातल्या मोजक्या कंपन्यांकडेच जातील. पण अँटेनाच्या सांध्यांवर चढणारा खारा गंज, जांभ्याच्या कोरड्या सड्यावर चांगले अर्थिंग मिळवण्याची खटपट, विजेपासून संरक्षण, वीज गेल्यावर क्षणाचाही खंड न पडू देणारी बॅटरी आणि दोन वेगळ्या वाटांनी आलेली फायबरची जोडणी, ही कामे दूरच्या कंपनीला इथल्या माणसांवाचून वेळेवर करता येणार नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून शिकलेल्या मुलांना टॉवर, इन्व्हर्टर आणि बोटींवरच्या रेडिओच्या दुरुस्तीतून यांपैकी बरेचसे काम आधीच ठाऊक आहे. विमानतळाच्या कामाला लागणारे प्रमाणपत्र आणि नोंदी ठेवण्याची काटेकोर शिस्त तेवढी त्यांना मिळवावी लागेल.