एअर शोमधील छायाचित्रण

एअर शोमधील छायाचित्रण : हवाई प्रदर्शनांत उडणाऱ्या व जमिनीवर मांडलेल्या विमानांची, मुख्यतः जुन्या (व्हिंटेज) आणि लष्करी विमानांची, छायाचित्रे घेण्याचा छंद व व्यवसाय. विमानतळाच्या कुंपणापाशी उभे राहून रोजच्या प्रवासी विमानांचे फोटो काढणे ही त्याची चुलत शाखा. पण प्रवासी विमान हुकले तर तसलेच उद्या पुन्हा येते. एअर शोमधले विमान काही मिनिटांच्या कसरती करून निघून जाते आणि त्यांतल्या काही जातींची जगात एकदोनच विमाने उडण्याजोगी उरलेली असतात. लँकॅस्टर ही बॉम्बफेकी विमाने एकूण ७,३७७ बांधली गेली. त्यांतली उडणारी दोनच, एक ब्रिटनमध्ये आणि एक कॅनडात. २०१४ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातले विमान अटलांटिक ओलांडून ब्रिटनला गेले आणि ही जोडी काही आठवडे तिथल्या प्रदर्शनांत एकत्र उडाली. दोन्ही एका चौकटीत मिळावीत म्हणून लोक इंग्लंडभर तिच्या मागे फिरले.

विमानांची प्रदर्शने आणि त्यांचे फोटो यांचे वय जवळजवळ सारखेच आहे. फ्रान्समधील रँस शहराजवळ ऑगस्ट १९०९ मध्ये पहिला मोठा आंतरराष्ट्रीय विमानमेळा भरला, तेव्हाच्या चित्रांची पोस्टकार्डे आजही संग्राहकांकडे सापडतात. ब्रिटिश हवाई दलाने १९२० ते १९३७ या काळात लंडनजवळच्या हेंडन येथे दरवर्षी प्रदर्शन भरवले. या दोन महायुद्धांमधल्या काळात चार्ल्स ब्राउन या छायाचित्रकाराने दुसऱ्या विमानात बसून उडत्या विमानांची चित्रे घेण्याच्या कामात नाव कमावले. त्याचा संग्रह हेंडनच्याच हवाई दल संग्रहालयात आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला मात्र लांब पल्ल्याच्या हलक्या लेन्स आणि स्वयंचलित फोकस येईपर्यंत बरीच वर्षे आकाशातल्या ठिपक्यावर समाधान मानावे लागले.

नवख्याची सर्वांत सामान्य चूक म्हणजे शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देणारा पडदा, अतिवेगवान ठेवणे. जेट विमानाला ते चालते. १/१००० ते १/२००० सेकंदात विमान स्वच्छ गोठते आणि जेटच्या बाहेर फिरताना दिसेल असे काही नसल्याने बिघडत नाही. त्याच वेगाने स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातले पंख्याचे लढाऊ विमान टिपले तर पंख्याची पाती जागच्या जागी थिजतात आणि चित्र दोऱ्याने टांगलेल्या खेळण्याचे वाटते. इंजिन बंद पडून विमान खाली येत असावे, अशीही शंका येते. म्हणून पंख्याच्या विमानाला शटर मुद्दाम मंद ठेवतात. किती मंद, याचा हिशेब सोपा आहे. पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो असे धरले, तर सेकंदाला २० फेरे झाले. १/१००० सेकंदात पाते जेमतेम ७ अंश सरकते, म्हणजे थिजलेलेच. १/१२५ सेकंदात ते ५८ अंश फिरते. चार पात्यांच्या पंख्यात दोन पात्यांमधले अंतर ९० अंश, त्यामुळे धूसर पट्टे दिसतात, पण मधे फट राहते. अखंड चकती हवी असेल तर १/८० पर्यंत उतरावे लागते. डकोटा या जुन्या वाहतूक विमानाच्या तीन पात्यांच्या पंख्याला १/६०. हेलिकॉप्टरचे मुख्य चक्र तर याहून खूप सावकाश फिरते, मिनिटाला साधारण ३०० फेरे. चार पात्यांच्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरची पूर्ण चकती मिळवायला १/२० सेकंद लागेल आणि तिथे भलेभले हात टेकतात.

शटर मंद केले की छायाचित्रकाराचा स्वतःचा हात आडवा येतो. २५० मीटरवरून ताशी ४०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान डोळ्यांसमोरून सेकंदाला सुमारे २५ अंश सरकते. कॅमेराही नेमका त्याच गतीने फिरला तरच विमान रेखीव येते आणि मागची झाडे पुसली जातात. या क्रियेला पॅनिंग म्हणतात. मुरलेला माणूस पाय आधीच रोवतो, विमान जिथे टिपायचे त्या दिशेला तोंड करून. मग फक्त कमरेतून विमान येणार त्या बाजूला वळतो आणि ते आले की पीळ सुटल्यासारखा परत फिरतो. कोपरे बरगड्यांना टेकलेली असतात, बटण दाबल्यावरही कॅमेरा थांबत नाही, क्षणभर पुढे फिरत राहतो. विमानाच्या मागे पाय हलवत गेलेल्याचे चित्र हमखास हलते. ट्रायपॉड इथे अडचणच करतो आणि गर्दीत शेजाऱ्याच्या पायांतही येतो. १/१००० ला शंभरातले बहुतेक फोटो स्पष्ट येतात, १/८० ला बहुतेक फेकावे लागतात. तरीही जाणकार मंद शटरच निवडतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या छंदाची खरी परीक्षा इथेच आहे. मोबाइलने ही परीक्षा देताच येत नाही. त्याचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात पाते पुढे गेलेले असते, म्हणून पंखा केळ्यासारखा वाकडा दिसतो.

इंग्लंडमधील बेडफर्डशरच्या ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहात १९०९ सालचे ब्लेरिओ विमान आहे. संध्याकाळी वारा पूर्ण पडला तरच ते बाहेर काढतात आणि गवतावरून थोडेसे उचलून सरळ रेषेत पुन्हा टेकवतात. त्या उतरत्या उजेडात शटर आपोआपच मंद होते. याच मैदानावर प्रेक्षकांची रांग एके ठिकाणी वळते, त्यामुळे विमाने तिच्याभोवती कलून जातात आणि पंखांची वरची बाजू, तिच्यावरच्या रंगांसह आणि चिन्हांसह, नीट दिसते. इतरत्र बहुधा विमानाच्या पोटाचे दर्शन घडते. केंब्रिजजवळचे डक्सफर्ड हे जुन्या लढाऊ विमानांचे माहेरघर, पण तिथे प्रेक्षक दक्षिणेकडे तोंड करून असतात आणि दिवसाचा बराच वेळ सूर्य डोळ्यांवर येतो. अशा वेळी कॅमेरा उजळ आकाशाला भुलून विमान काळे करतो. एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवणे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) हा नेहमीचा तोडगा. धावपट्टीवरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या लाटांवर मात्र महागात महाग लेन्सचाही उपाय चालत नाही. सकाळी लवकर पोहोचणे, एवढेच हातात असते.

प्रेक्षक आणि विमान यांतले अंतर अपघातांनी ठरवले आहे. १९५२ साली इंग्लंडमधील फार्नबरो येथे विमान हवेत फुटून त्याचे तुकडे गर्दीवर पडले आणि विमानातल्या दोघांसह ३१ जण गेले. १९८८ मध्ये जर्मनीतील रामस्टाइन येथे इटालियन पथकाची विमाने एकमेकांवर आदळली. २०१५ मध्ये इंग्लंडमधील शोरहॅमला हॉकर हंटर हे जुने जेट विमान रस्त्यावर कोसळून ११ जणांचा जीव गेला. प्रत्येक वेळी नियम कडक झाले, विमाने लांब गेली आणि लेन्स लांबल्या. सुमारे ९ मीटर लांबीचे स्पिटफायर २५० मीटरवरून ४०० मिलिमीटर लेन्सने टिपले, तर ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर त्याची लांबी १५ मिलिमीटरच्या आत राहते, चौकटीच्या निम्मीही नाही. ५०० आणि ६०० मिलिमीटरच्या लेन्स खांद्यावर घेऊन माणसे उन्हात उभी राहतात ती त्यामुळे. याच फोटोंचा तपासालाही उपयोग होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलसच्या प्रदर्शनात दोन जुनी विमाने धडकून सहा जण ठार झाले, तेव्हा तपास यंत्रणेने प्रेक्षकांकडे चित्रे आणि चित्रफिती मागितल्या होत्या.

लष्करी विमानांच्या बाबतीत कॅमेऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे १२ ब्रिटिश आणि २ डच हौशी विमाननिरीक्षकांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडण्यात आले. विमानांचे क्रमांक वहीत टिपण्यात कुणाला काय गोडी असणार, हे तिथल्या अधिकाऱ्यांना पटेना. एप्रिल २००२ मध्ये ते दोषी ठरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपिलात सुटले. भारतात विमान नियम, १९३७ मधील १३ वा नियम विमानतळावर परवानगीशिवाय छायाचित्रण करू देत नाही आणि हवाई दलाच्या तळाभोवती शासकीय गुपिते कायद्याचे कुंपण असते. सामान्य हौशी माणसाला उघडपणे कॅमेरा रोखण्याची संधी एअर शोतच मिळते.

भारतातले ठरलेले प्रसंग दोन: बंगळुरूजवळ येलहंका तळावर १९९६ पासून दर दोन वर्षांनी भरणारा एरो इंडिया आणि ८ ऑक्टोबरच्या वायुदल दिनाचे संचलन. जुनी विमाने आपल्याकडे मोजकीच उडतात. त्यांत डकोटा ‘व्हीपी ९०५’ मानाचे. राजीव चंद्रशेखर यांनी ते ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून हवाई दलाला भेट दिले आणि २०१८ मध्ये ते भारतात उडत आले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डकोटांची आठवण म्हणून त्याला हा क्रमांक आणि ‘परशुराम’ हे नाव आहे. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बनलेले मिग-२१ ही मराठी माणसाच्या जवळची गोष्ट. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला या जातीला निरोप दिला गेला आणि ज्यांना आपण कालपर्यंत चालू लष्करी विमानांचे फोटो म्हणत होतो, ते जुन्या विमानांच्या खणात गेले.

मुंबईत १२ ते १४ जानेवारी २०२४ या तीन दिवसांत मरीन ड्राइव्हसमोर हवाई दलाने कसरती केल्या, दुपारी १२ च्या सुमारास. समुद्राकडे तोंड केले की त्या वेळी ऊन डाव्या हाताला येते, म्हणून विमान उजवीकडे, मलबार हिलच्या बाजूला असताना त्याच्यावर प्रकाश बरा पडतो. तिथला खरा उपद्रव घारींचा. नव्या कॅमेऱ्यांत विमान ओळखण्याची आणि पक्षी ओळखण्याची अशा वेगळ्या सोयी असतात. दोन्ही एकत्र चालू राहिल्या, तर हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ कसरत पथकाची नऊ विमाने सोडून फोकस जवळून जाणाऱ्या घारीवर बसतो. एरो इंडियाच्या दिवसांत येलहंकाच्या आसपासची मांसविक्री महापालिका बंद ठेवते, तीही अशाच पक्ष्यांपायी, अर्थात फोटोसाठी नव्हे, इंजिनांसाठी.