डोळ्याचं ऑपरेशन: वेदना थांबते, भीतीचं काय?

मोतीबिंदूचं ऑपरेशन पुष्कळदा फक्त भुलीचे थेंब घालून होतं. थेंबांनी डोळ्याच्या पृष्ठभागाची वेदना थांबते. उजेड, आवाज आणि दाब जाणवतच राहतात. आत द्रव शिरला की बुबुळ मागे ढकललं जातं, त्यामागचे स्नायू ताणले जातात आणि तिथवर थेंबांचा असर पुरेसा पोहोचत नाही. ‘काही कळणारसुद्धा नाही’ असं ऐकून आलेला रुग्ण पहिल्याच दाबाला दचकतो. भूल उतरली, असं त्याला वाटतं. तो पापण्या आवळतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि नेमकं तेव्हा हत्यार भिंगाच्या मागच्या, जेमतेम ४ मायक्रोमीटर (मिलिमीटरचे चार हजारांश) जाडीच्या आवरणाजवळ असतं.

म्हणून खोटा दिलासा नको, क्रमवार माहिती द्या. औषधाने डोळा धुताना थोडं चुरचुरेल. मग प्रखर दिवा. पाणी गार लागेल, कानाकडे ओघळेल. यंत्राचा सूर वर-खाली होईल. ते बिघाडाचं लक्षण नाही. ‘सुरी दिसेल का?’ हे बरेच जण विचारत नाहीत, मनात मात्र तेच असतं. इतक्या जवळची वस्तू स्पष्ट दिसत नाही. बहुतेकांना रंग आणि हलत्या सावल्या दिसतात. प्रत्येक टप्प्याआधी सर्जनने ‘आता दाब येईल’ एवढं म्हटलं तरी दचकणं कमी होतं.

हात धरायला एक जण वेगळा असावा. ही चैन नव्हे. खोकला येतोय किंवा दुखतंय, तर रुग्णाने तो हात दाबायचा, कारण बोलताना डोकं हलतं. संगीत रुग्णाच्या आवडीचं, पण हळू आवाजात. दोन्ही कान हेडफोनने बंद केले तर सूचना ऐकू जात नाहीत.

गुदमरण्याची भीती चेहऱ्यावरच्या कापडामुळे येते. आत उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो. कापड नाकातोंडापासून उचलून धरावं, आत नळीने हवा सोडावी. नुसता ऑक्सिजन साचू दिला आणि रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरलं, तर आग लागू शकते.

गुडघ्यांखाली उशी, अंगावर पांघरूण, आधी लघवीला जाऊन येणं. दम लागणाऱ्यांना आधीच्या तपासणीत २० मिनिटं सपाट झोपवून पाहावं.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ‘मागच्यापेक्षा जास्त दुखलं’ असं अनेक जण सांगतात. रुग्ण अनुभवी म्हणून तेव्हा समजावणं गाळलं जातं. ते पुन्हा पहिल्यापासून करावं.